गोधडी घेऊन भुजला



‘शिवणच शिकायचं तर एवढं लांब कशाला? घरात मशीन आहे की!’ आमच्या बचत गटाच्या पंधरा बाया कच्छला निघाल्या, तेव्हा पारावर हेच बोलणे चालले होते. उद्या तुमच्याही गावात चालेल, म्हणून हा लेख.

मी पंचायत समितीत विस्तार अधिकारी. ठिबक पाहायला, द्राक्षबाग पाहायला, कृषी प्रदर्शनाला आजवर किती अभ्यास सहली नेल्या, त्याची मोजदाद नाही. पण त्या याद्यांत बाईचे नाव एकही नव्हते. चूक माझीच. खुरपणी तिची, वेचणी तिची, धारा तिच्या. आणि गाडीत बसायला मात्र गडी!

या वेळीही अडचणी आल्याच. एका सुनेचे नाव दोनदा खोडले गेले. सासूबाईंचा सवाल एकच, ‘म्हैस कोण पिळणार?’ शेवटी नवरा म्हणाला, ‘मी पिळतो.’ पहिल्या दिवशी म्हशीने पान्हा चोरला. तिसऱ्या दिवशी तीही सरावली आणि तोही.

कच्छच का?

कच्छ आपल्या अवर्षणग्रस्त तालुक्यांसारखाच कमी पावसाचा मुलूख. १९६९ च्या दुष्काळात चंदाबेन श्रॉफ तिथल्या धाणेटी गावी मदतीला गेल्या. गावच्या बायांना फुकटचे अन्न घेणे रुचेना; त्यांना काम हवे होते. भरतकामाची कला हातात होतीच. चंदाबेननी त्यांना साड्या भरायला दिल्या आणि त्यातूनच ‘श्रुजन’ ही संस्था उभी राहिली. २००६ साली या कामासाठी चंदाबेनना रोलेक्स पुरस्कार मिळाला. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात बायांनी खडी फोडली, हे जुन्या माणसांना आठवत असेल. हातातल्या कलेलाही दुष्काळात मजुरी मिळू शकते, हे कच्छमध्ये पाहायला मिळते.

याच संस्थेने २०१६ साली भुजजवळ अजरखपूर येथे मोठे केंद्र उभारले. तिथे भरतकामाचे संग्रहालय आहे, शिकण्याचीही सोय आहे. अजरखपूर हे गावही नवे. २००१ च्या भूकंपानंतर धमडका गावच्या पाण्यात लोह वाढले, कापडाचा रंग बिघडू लागला, म्हणून अजरख छपाई करणाऱ्या खत्री कारागिरांनी ते वसवले. पाणी बदलले की धंद्याचे काय होते, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

सुईची भाषा

आम्ही मुंबईला वांद्रे टर्मिनसवरून संध्याकाळी कच्छ एक्स्प्रेस धरली, दुसऱ्या दिवशी सकाळी भुज. चार दिवस बाया फक्त शिवत होत्या. ना चूल, ना पाणी भरणे, ना कुणाची हाक. ‘लग्नानंतर पहिल्यांदाच ताटं दुसऱ्यानं वाढली,’ असे एकजण म्हणाली, तेव्हा सगळ्या हसल्या आणि मग गप्प झाल्या.

शिकवणारी ताई कच्छी, आमच्या बाया मराठी. पण सुई चालली की बोलण्यावाचून अडत नाही. सूफ नावाचा टाका तिने दाखवला. कापडावर आधी काही रेखायचे नाही. उलट्या बाजूने धागे मोजत सुई घालायची, नक्षी सुलट्या बाजूला उमटते. आमच्यातली साठीची आजी बघतच राहिली. ‘आगं, न बघताच फूल काढतीया ही!’

मग आजीने पिशवीतली गोधडी काढली. जुन्या लुगड्यांचे थर, कडेपासून मधोमध येत गेलेला धावदोरा. ताईने आधी गोधडी उलटी केली, बोट फिरवले. दोन्ही बाजूंना टाका सारखाच. तिने मान डोलावली आणि हिंदीत विचारले, ‘किती दिवस लागले?’

आजीला सांगता येईना. पंधराजणींपैकी एकीलाही येईना. आयुष्यभर गोधड्या शिवल्या, पण दिवस कुणी मोजलेच नव्हते.

परत आल्यावर

त्या प्रश्नाने काम केले. आजीने नवी गोधडी घातली आणि रोजचे तास नातवाच्या वहीत लिहून घेतले. रोज तीन तास, बावीस दिवस. म्हणजे सहासष्ट तास, आठ दिवसांची पुरी मजुरी. यापूर्वी अशीच गोधडी तिने सातशे रुपयांना दिली होती, तीही दोरा स्वतःचा घालून. वाचकहो, तुमच्या गावातल्या खुरपणीच्या दराने आठ दिवसांचे किती होतात, तुम्हीच मोजा. पिकाचा उत्पादन खर्च काढा, असे मी सभांतून सांगत फिरतो. गोधडीचाही काढावा लागतो, हे मला आजीकडून कळले. आता गटातली प्रत्येक जण कापड, दोरा आणि दिवस लिहून ठेवते आणि मगच भाव सांगते. दोन गिऱ्हाइके भाव ऐकून परत गेली, तिसरे घेऊन गेले.

गावच्या कारभाऱ्यांना विनंती

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांनी हा विषय हसण्यावारी नेऊ नये. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी असते. प्रशिक्षणाचा खर्च त्यात बसवता येतो का, हे मासिक सभेत विचारात घ्या. ग्रामसभेआधी महिला सभा होते, तिथे बायांनी हा विषय स्वतः मांडावा.

जायचे ठरले तर एवढे करा:

- रब्बीची पेरणी उरकल्यावर जा. हवा चांगली असते, पण रात्री थंडी असते, पांघरूण घ्या.
- रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते. गटाने एकत्र काढावे.
- केंद्राला आधी कळवून शिकण्याचे दिवस आणि खर्च ठरवून घ्या.
- चाळिशी ओलांडलेल्यांनी आधी डोळे तपासावेत. जवळचा चष्मा नसेल तर बारीक टाका दिसत नाही.
- प्रत्येकीने स्वतःच्या हातची एक गोधडी सोबत न्यावी. रिकाम्या हाताने जाऊ नये.

आणि गडीमाणसांनो, त्या चार-पाच दिवसांत धारा तुम्ही काढा. म्हैस पहिल्या दिवशी पान्हा चोरेल. तिसऱ्या दिवशी देईल.