गेले किती? आले किती?

नवी मुंबईत राहणाऱ्या माणसापुढे ‘एक्सपोर्ट-इम्पोर्ट’ हा शब्द उच्चारला, की त्याच्या डोळ्यांपुढे न्हावा-शेवा बंदर उभे राहते. उरण फाट्यावर कंटेनरच्या ट्रेलरांमागे ज्याची बस कधी अडकली नाही, तो नवी मुंबईकर नव्हेच! म्हणून दोन वर्षांपूर्वी माझा एक माजी विद्यार्थी स्टाफरूममध्ये येऊन म्हणाला, “मॅडम, तुमच्या कमिटीचं एक्सपोर्ट-इम्पोर्ट मी ऑटोमेट करून देतो,” तेव्हा मराठीच्या प्राध्यापिकेला शोभेल अशा गांभीर्याने मी विचारले, “अरे, पण आपण माल कधीपासून पाठवायला लागलो?”

तो महाप्याला एका संगणक कंपनीत आहे. पोटभर हसून घेतल्यावर त्याने समजावून सांगितले. माल म्हणजे माहिती. कॉलेजच्या ऑफिसात प्रवेशाचे जे सॉफ्टवेअर आहे, त्यातून यादी काढायची ही निर्यात. ती एक्सेलच्या कोष्टकात भरून वर्गशिक्षकांकडे पाठवायची. त्यांनी आपला शेरा लिहिला, की ते कोष्टक पुन्हा सॉफ्टवेअरमध्ये घ्यायचे, ही आयात. आणि या दोन्ही फेऱ्या माणसाचा हात न लागता व्हाव्यात, हे ऑटोमेशन.

कमिटी म्हणजे आमचा विद्यार्थी साहाय्य निधी. मराठीच्या माणसांना काम कमी असते असा एक समज सर्व महाविद्यालयांत आहे. त्या समजापोटी हा निधी माझ्याकडे आला. ज्युनियर आणि सीनियर मिळून ऐंशी-नव्वद अर्ज येतात. आईवडिलांची मिळकत, वर्गशिक्षकांची शिफारस, बँकेचा खातेक्रमांक, असे रकाने भरत जायचे आणि शेवटी गोषवारा काढून अकाउंटंटच्या हाती द्यायचा. हे काम आमचे हेडक्लार्क अण्णा हाताने करीत. एका हातात पट्टी, दुसऱ्यात तांबडी-निळी पेन्सिल. चार संध्याकाळी जात. चौथ्या संध्याकाळी ते माझ्याकडे येऊन एकच प्रश्न विचारीत, “बाई, गेले किती, आले किती?” मी आकडे वाचायची, ते मान डोलवायचे आणि मगच पेन्सिल कानावर जायची.

‘गोषवारा’ हा शब्द मी वर्गात मोठ्या आवडीने शिकवते. फारसीत गोशवारा म्हणजे कानातले लेणे. मोठ्या हिशेबाचा जो आटोपशीर सारांश, त्याला तेच नाव मिळाले. धन्याच्या कानी जावे एवढेच त्यात असायचे, असे मला आपले वाटते. मात्र त्यातली मेख मला पुढे कळली. गोषवाऱ्यातून जे गळले, ते कानापर्यंत पोचतच नाही.

या कोष्टकाचा जन्मही वर्गातच झाला, हे ऐकून मला बरे वाटले. १९७८ साली हार्वर्डमध्ये व्यवसाय-व्यवस्थापन शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिन नावाच्या तरुणाच्या मनात आले, की फळ्यावरच्या तक्त्यातला एक आकडा बदलला तर बाकीचे आकडे आपोआप का बदलू नयेत? बॉब फ्रँकस्टन या मित्राला हाताशी धरून त्याने १९७९ मध्ये ‘व्हिसिकॅल्क’ बाजारात आणले. एक्सेल आले १९८५ मध्ये, प्रथम मॅकिन्टॉशसाठी. आज किराणा दुकानापासून मंत्रालयापर्यंत ज्याला त्याला हिशेब ठेवायला हेच कोष्टक लागते.

तर, ऑटोमेशन सुरू झाले. पहिल्या आठवड्यात गंमतच झाली. मुलांची मराठी नावे असलेली फाइल उघडली, तर नावांच्या जागी डोक्यावर नाना तऱ्हेच्या टोप्या घातलेली परदेशी अक्षरे! देवनागरी लिपी कोणत्या संकेताने लिहिली आहे हे फाइलीने सांगितले नव्हते आणि एक्सेलने विचारले नव्हते. माझ्या विद्यार्थ्याने ते तासाभरात सुधारले. मग एका शनिवारी रात्री यंत्राने स्वतःच यादी काढली, वर्गवार फाइली केल्या आणि ज्याच्या त्याच्या टपालात टाकल्या. शिक्षकांनी त्या उघडल्या, शेवटच्या रकान्यात ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहिले आणि जतन करून परत धाडल्या. बुधवारी रात्री यंत्राने त्या आत घेतल्या. पडद्यावर हिरव्या अक्षरांत उमटले, ‘काम यशस्वी झाले.’ चार संध्याकाळींचे काम चार मिनिटांत! मी अण्णांना चहा पाजला. ते चहा प्यायले, पण पेन्सिल काही कानावर गेली नाही.

महिन्याभराने बारावीच्या ई तुकडीतल्या दोन मुलांचे पालक विचारायला आले, “आमचं नाव यादीत का नाही?” मी म्हटले, शिफारस नसेल. वर्गशिक्षिकेला विचारले, तर त्या म्हणाल्या, “मी तर तिन्ही नावांपुढे ‘हो’ लिहिलं होतं!” तेव्हा अण्णांनी कपाटातून अर्जांचा गठ्ठा काढला आणि टेबलावर मोजला. “बाई, गेले शहाऐंशी. आले त्र्याऐंशी.”

तिघे ई तुकडीचेच. का, ते संध्याकाळी माझ्या विद्यार्थ्याने शोधून काढले आणि डोक्याला हात लावून खालीच बसला. आमच्याकडे हजेरी क्रमांक लिहिण्याची पद्धत अशी: आधी इयत्ता, मग तुकडीचे इंग्रजी अक्षर, मग क्रमांक. बारावी ई मधला पाचवा विद्यार्थी म्हणजे ‘१२ ई ०५’, मध्ये जागा न सोडता. आता शास्त्रज्ञ मोठ्या संख्या आटोपशीर लिहिताना हेच इंग्रजी ई अक्षर वापरतात. बारा ई पाच म्हणजे बारावर पाच शून्ये! शिक्षिकेने फाइल उघडताक्षणी एक्सेलने आपल्या मनाने ठरवले, की हा विद्यार्थी नसून बारा लाख ही संख्या आहे. आणि ती त्याने आपल्या संक्षिप्त पद्धतीने लिहूनही टाकली. एकतिसाव्या क्रमांकाच्या मुलाच्या वाट्याला बारावर एकतीस शून्ये आली. फाइल परत आल्यावर यंत्राने या क्रमांकांचे विद्यार्थी शोधले. असे विद्यार्थी कॉलेजात नाहीत, म्हणून तीन ओळी सोडून दिल्या आणि ‘काम यशस्वी झाले’ म्हणून मोकळे झाले. ए, बी, सी, डी या तुकड्यांचे केसही वाकडे झाले नाहीत.

दोघांचे पालक विचारायला आले होते. तिसरी मुलगी? हजेरीपट पाहिला, तर ती तीन आठवडे आलीच नव्हती.

वर्गशिक्षिका आणि मी तुर्भ्याला तिच्या घरी गेलो. आई कांदा-बटाटा मार्केटात कांदे निवडायला जाते. ती घरी नव्हती. मुलगी मात्र होती. एका दुकानात पाकिटे भरण्याचे काम तिने धरले होते आणि त्या दिवशी तिची सुट्टी होती. “तू विचारायला का आली नाहीस ग?” मी म्हटले. ती खाली मान घालून म्हणाली, “नाव नव्हतं ना, बाई. मला वाटलं, नाही म्हणाले.”

वाचकहो, यंत्राने तिला ‘नाही’ म्हटले नव्हते. कोणीच म्हटले नव्हते. पण ज्याला आयुष्यात नकाराची सवय झाली आहे, तो रिकाम्या जागेलाही नकारच समजतो आणि मुकाट्याने परत फिरतो. ज्यांना विचारण्याचे बळ होते, ते आले आणि त्यांच्यामुळे चूक सापडली. जिची गरज सर्वांत मोठी, तीच गप्प बसली. परतताना रिक्षात आम्ही दोघी एक शब्द बोललो नाही.

हे आमच्याच कॉलेजात घडले असे मात्र नाही. २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये कोरोनाचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकडेवारीतून असेच गळाले. प्रयोगशाळांकडून येणाऱ्या फाइली सरकारी आरोग्यखाते आपोआप जुन्या पद्धतीच्या एक्सेल फाइलीत भरून घेत होते. त्या जुन्या फाइलीत ६५,५३६ ओळींपेक्षा अधिक मावत नाहीत. २००७ पासूनच्या नव्या पद्धतीत १०,४८,५७६ मावतात. कोष्टक भरले, उरलेल्या ओळी बाहेर पडल्या. त्या रुग्णांना आपापला निकाल कळला होता. पण त्यांच्या सहवासात आलेल्या माणसांना सावध करण्याचे काम कित्येक दिवस लांबले.

शास्त्रज्ञही यातून सुटले नाहीत. मानवी जनुकांपैकी काहींची संक्षिप्त नावे ‘मार्च १’, ‘सेप्ट १’ अशी होती. एक्सेल त्यांना तारखा समजे. शेवटी २०२० मध्ये नामकरण-समितीने जनुकांचीच नावे बदलली! यंत्र हट्ट सोडीना, म्हणून माणसांनी बारसे केले. ही आपोआप होणारी रूपांतरे बंद करण्याची सोय एक्सेलमध्ये आली ती २०२३ च्या ऑक्टोबरात.

मग यावर उपाय काय? अण्णांची पेन्सिल परत आणायची? माझा तसा विचार झाला होता, हे कबूल करते. पण अण्णांनीच तो मोडून काढला. ते म्हणाले, “बाई, नेआण यंत्रानंच करू द्या. माझ्या हातूनही दोनदा ओळ सुटली होती. मी मोजत होतो म्हणून सापडली.”

उत्तर मला पुढच्याच आठवड्यात उरण फाट्यावर मिळाले. बस नेहमीप्रमाणे अडकली होती आणि शेजारी कंटेनर उभा होता. त्याच्या दारावर चार अक्षरे, सहा आकडे आणि शेवटी चौकटीत एकटाच एक आकडा. हा चौकटीतला आकडा काय, म्हणून मी माझ्या विद्यार्थ्याला फोन केला. तो म्हणाला, आधीच्या अक्षरांना आणि आकड्यांना ठरावीक किमती देऊन गुणाकार-बेरीज करतात, अकराने भागतात आणि बाकीवरून तो आकडा काढतात. लिहिताना एक जरी चिन्ह चुकले, तरी बहुधा तो जुळत नाही. म्हणजे आमच्या लहानपणी गुणाकाराला लावायचो तो नवाचा ताळाच की! आपल्या आधार क्रमांकाचा शेवटचा आकडाही असाच ताळ्याचा असतो.

न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले. वीस फुटी पेटीच्या हिशेबाने २०२४-२५ या वर्षात तिथे सत्तर लाखांहून अधिक पेट्यांची उलाढाल झाली. ती कशाच्या जोरावर? पेटीवर ताळ्याचा आकडा, दाराला क्रमांकाचे सील आणि फाटकावर नोंद. वाटेत कोणी दार उघडून आतला माल आपल्या समजुतीप्रमाणे लावून ठेवीत नाही. आमच्या फाइलीचे नेमके तेच झाले होते. ती उघडली, तेव्हाच सील तुटले.

माझ्या विद्यार्थ्याने सगळे नव्याने बांधले. आता हजेरी क्रमांक, खातेक्रमांक, मोबाइल हे सारे ‘मजकूर’ म्हणूनच जातात. त्यांना संख्या समजण्याची एक्सेलला मनाई आहे. खातेक्रमांकाचा धोका तर आम्हाला ठाऊकही नव्हता. एक्सेल संख्येचे पंधराच आकडे खरे धरते. सोळा आकडी खात्याचा शेवटचा आकडा मुकाट्याने शून्य करते. म्हणजे पैसे भलत्याच्या घरी! तारीख आता वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहिली जाते; नाहीतर अमेरिकन पद्धतीच्या संगणकावर पाच ऑगस्टला जन्मलेले मूल आठ मे रोजी जन्मते. शिक्षक ‘हो-नाही’च्या रकान्याखेरीज कुठेही हात लावू शकत नाहीत. आणि परत आलेल्या फाइलीतली एक जरी ओळ जुळली नाही, तर यंत्र ती पूर्ण फाइल बाहेर ठेवते आणि न जुळलेल्या ओळींची वेगळी यादी काढते.

हिरव्या अक्षरांतले ते वाक्य आम्ही काढून टाकले. त्या जागी आता दोन आकडे येतात आणि त्यांच्याखाली एका माणसाच्या सहीची जागा. ते आकडे जुळल्यावाचून अकाउंटंट यादीला हात लावीत नाहीत. ताळा यंत्र करते. सही मात्र माणसाची. कारण चुकलेल्याचे दार ठोठवायला यंत्र तुर्भ्याला जात नाही.

ती मुलगी परत आली. बुडालेल्या आठवड्यांच्या वह्या वर्गातल्या मुलींनी तिला दिल्या. फेब्रुवारीत ती परीक्षेला बसली आणि पास झाली. आता आमच्याकडेच बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. यंदाही तिचा अर्ज होता.

अण्णा या मे महिन्यात निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी मी त्यांना यंदाच्या यादीचा शेवटचा कागद दाखवला. गेले एक्क्याण्णव, आले एक्क्याण्णव. त्यांनी चष्मा पुसला, तरीसुद्धा अर्जांचा गठ्ठा मागवून घेतला आणि एकेक करून मोजला. मग पेन्सिल कानावर ठेवली आणि म्हणाले, “आता करा सही, बाई.”