वीजजाळ्याबाहेरील मुक्काम : मोटरहोममधील बॅटरी व सौरऊर्जा व्यवस्थेचे नूतनीकरण

बीजसंज्ञा : मोटरहोम, शिसे-आम्ल बॅटरी, लिथियम-लोह-फॉस्फेट, सौर पॅनेल, ऊर्जेचा ताळेबंद

प्रास्ताविक :

भारनियमनाच्या वर्षांत महाराष्ट्रातील अनेक मध्यमवर्गीय घरांच्या कोपऱ्यात इन्व्हर्टर आणि त्याची जडशीळ बॅटरी येऊन बसली. तिच्यात वेळोवेळी डिस्टिल्ड वॉटर घालणे हा घरकामाचाच एक भाग झाला. दोन पंखे आणि दोन दिवे या बॅटरीवर किती तास चालतील, हा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी विचारलेला आहे. चाकांवरच्या घरात, म्हणजे मोटरहोममध्ये, हाच प्रश्न अधिक तीव्रतेने उभा राहतो; कारण तेथे वीज ‘येण्याची’ वाट पाहण्याला काही अर्थ नसतो.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले. त्यात कॅराव्हॅन पार्कची कल्पना आहे. जेथे वीजजोडणी मिळते तेथे प्रस्तुत लेखातील प्रश्न सौम्य होतो. त्याचे खरे स्वरूप पाहण्यासाठी अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील क्वार्टझसाइट या वाळवंटी गावाचे उदाहरण घेणे सोयीचे ठरते. हिवाळ्यात उत्तरेकडील थंडी टाळण्यासाठी हजारो मोटरहोम या परिसरात येतात. गावाच्या दक्षिणेस ‘ला पोसा’ नावाचे मोकळे माळरान आहे. तेथे संघराज्य सरकारच्या भूमी व्यवस्थापन विभागाच्या परवान्यावर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या काळात दीर्घ मुक्काम करता येतो. तेथे राहणाऱ्यांत निवृत्त, वयस्क जोडप्यांची संख्या मोठी असते. मुक्कामाच्या जागेला वीजजोडणी नसते. जनरेटर असतो, परंतु त्याचा आवाज शेजाऱ्यांना नकोसा होतो आणि त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड झोपलेल्या माणसाला न कळत मारू शकतो. रात्री तो बंद असणेच इष्ट. अशा ठिकाणी बॅटरी व सौर पॅनेल यांची क्षमता कशी ठरवावी आणि जुनी व्यवस्था बदलताना कोठे चूक होते, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रात्रीचा हिशेब :

उदाहरणादाखल एका ज्येष्ठ जोडप्याचा विचार करू. दोघांपैकी एकाला झोपेत श्वास अडखळण्याचा विकार असून रात्रभर ‘सीपॅप’ यंत्राचा मुखवटा लावावा लागतो. अशा माणसाच्या बाबतीत पहाटे वीज संपणे ही केवळ गैरसोय नव्हे, हे लक्षात घेतले म्हणजे पुढील आकडेमोडीचे गांभीर्य ध्यानात येते.

बारा व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसर फ्रिज सुमारे ५० वॅट घेतो आणि चोवीस तासांत सुमारे दहा तास प्रत्यक्ष चालतो. म्हणजे ५०० वॅट-तास. शेगडी गॅसवर असते. गाडी उबदार ठेवणारी भट्टीही गॅसवरच चालते, परंतु तिचा पंखा विजेचा असतो : ९० वॅट, चार तास, म्हणजे ३६० वॅट-तास. सीपॅप यंत्राची बाष्प तापवण्याची सोय बंद ठेवली तर ४० वॅट धरता येतात. आठ तासांचे ३२०. दिव्यांना १००, पाण्याच्या पंपाला ३०, संगणक व भ्रमणध्वनीला २००. याखेरीज एक खर्च सहसा कोणी मोजत नाही. गॅस-सूचक, नियंत्रण फलक आणि नुसताच चालू राहिलेला इन्व्हर्टर मिळून १० वॅट जरी खात असले तरी दिवसाचे २४० वॅट-तास होतात. दिव्यांच्या खर्चापेक्षा हा खर्च दुपटीहून अधिक आहे! एकूण बेरीज १७५० वॅट-तास.

परंतु या बेरजेपेक्षा महत्त्वाचा आहे तो रात्रीचा वाटा. हिवाळ्यात सायंकाळी पाच ते सकाळी आठ या पंधरा तासांत सूर्याकडून उपयुक्त असे काही मिळत नाही. या काळात फ्रिज सुमारे ३१०, भट्टीचा पंखा ३६०, सीपॅप ३२०, दिवे १००, सुप्त खर्च १५०, संगणक १०० आणि पंप १५ अशी एकूण १३५५ वॅट-तासांची गरज पडते. हा आकडा पुढील विवेचनात वारंवार येईल.

जुन्या बॅटरीची मर्यादा :

अशा गाड्यांत बहुधा गोल्फगाडीच्या धर्तीच्या सहा व्होल्टच्या दोन शिसे-आम्ल बॅटऱ्या एकसर जोडलेल्या असतात. त्यांची क्षमता १२ व्होल्टला सुमारे २२० अँपिअर-तास, म्हणजे कागदावर २६४० वॅट-तास भरते. परंतु गास्तोँ प्लाँते यांनी १८५९ मध्ये सिद्ध केलेल्या या घटाचा एक स्वभाव आजही बदललेला नाही : तो जितका खोलवर रिकामा करावा तितके त्याचे आयुष्य घटते. म्हणून निम्म्यापर्यंतच वापर करावा असा संकेत आहे. निम्मे म्हणजे १३२० वॅट-तास. आपली रात्र १३५५ ची आहे. शिवाय थंडीत या बॅटरीची क्षमता आणखी कमी होते.

परिणामी पहाटे काय घडते? फ्रिज सुरू होताच व्होल्टता खाली येते, भट्टीच्या पंख्याची गती मंदावते, हवेच्या झोताने मिटणारी सुरक्षा-कळ मिटत नाही आणि गॅस भरपूर असूनही बर्नर पेटत नाही. ज्या घटकेला थंडी सर्वाधिक असते नेमक्या त्याच घटकेला ऊब जाते. थोड्या वेळाने इन्व्हर्टर कमी व्होल्टतेचा इशारा देऊन बंद पडतो आणि त्यावरील सीपॅपही.

दुसरी अडचण भरण्याची. शिसे-आम्ल बॅटरी ऐंशी टक्क्यांपर्यंत लवकर भरते. उरलेल्या वीस टक्क्यांना मात्र अनेक तास लागतात. हिवाळ्यातील छोट्या दिवसात ती पूर्ण भरतच नाही. अपुरी भरलेली बॅटरी तशीच राहिली की पट्ट्यांवर शिसे-सल्फेटचे कठीण स्फटिक बसतात. आमच्या विभागातील इन्व्हर्टरची बॅटरी एका उन्हाळी सुट्टीत अशीच निकामी झाली. विद्यार्थ्यांना सल्फेटीकरण शिकवणाऱ्यांच्याच खोलीत ती होती, हे नमूद करणे प्रांजळपणाचे ठरेल.

लिथियम-लोह-फॉस्फेटचा पर्याय :

या द्रव्याचा घटाचा धनाग्र म्हणून होणारा उपयोग टेक्सास विद्यापीठातील ए. के. पाढी, के. एस. नंजुंदस्वामी व जॉन गुडइनफ यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात मांडला. गुडइनफ हे लिथियम-आयन बॅटरीवरील कार्याबद्दल २०१९ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचे एक मानकरी आहेत. फॉस्फेटमधील ऑक्सिजन घट्ट बांधलेला असल्याने अन्य काही लिथियम घटांच्या तुलनेत हा घट तापून पेटण्याचा संभव कमी असतो. माणसे जेथे झोपतात तेथे बसवण्यास तो म्हणूनच अधिक पसंत केला जातो.

३.२ व्होल्टचे चार घट एकसर जोडून १२.८ व्होल्टची बॅटरी होते. १०० अँपिअर-तासांच्या अशा दोन बॅटऱ्या २५६० वॅट-तास देतात. कागदावर हा आकडा जुन्यापेक्षा किंचित कमीच आहे, आणि येथेच अनेकांची दिशाभूल होते. यातील ऐंशी टक्के, म्हणजे सुमारे २०५० वॅट-तास निर्धास्तपणे वापरता येतात. १३५५ ची रात्र काढूनही जवळजवळ ७०० उरतात. वजनही निम्म्याहून कमी होते.

तथापि केवळ बॅटरी बदलून भागत नाही. लिथियम बॅटरीचा अंतर्गत रोध फार अल्प असल्याने ती मिळेल तितका प्रवाह ओढते. शिसे-आम्ल बॅटरी भरत जाते तसा तिचा प्रवाह आपोआप ओसरतो. ही मात्र जवळजवळ भरेपर्यंत तसाच ओढत राहते. गाडीच्या इंजिनावरील अल्टरनेटर अशा अखंड भारासाठी घडवलेला नसतो. इंजिन मंद गतीने चालू असताना त्याचा थंड करणारा पंखाही हळू फिरतो आणि अल्टरनेटर जळू शकतो. यासाठी मध्ये डीसी-डीसी चार्जर बसवून प्रवाहावर मर्यादा घालणे आवश्यक आहे. ३० अँपिअरचा चार्जर सुमारे ४०० वॅट देतो. तीन तासांच्या प्रवासात १२०० वॅट-तास परत मिळतात. जुना चार्जरही लिथियमला साजेशा व्होल्टतेचा असावा लागतो.

शून्य अंश सेल्सिअसखाली ही बॅटरी भरू नये. तसे केल्यास ऋणाग्रावर धातुरूप लिथियमचा थर बसतो आणि हे नुकसान भरून येत नाही. चांगल्या बॅटरीतील संरक्षक मंडल अशा वेळी भरणे थांबवते, पण खरेदीपूर्वी याची खात्री करून घ्यावी. शिवाय नुसत्या व्होल्टमापकावर तिची स्थिती कळत नाही, कारण तिची व्होल्टता बऱ्याच मोठ्या पल्ल्यात जवळजवळ स्थिर राहते. आत गेलेल्या व बाहेर पडलेल्या प्रवाहाची बेरीज-वजाबाकी ठेवणारा शंटयुक्त मापक बसवणे हाच उपाय.

छतावरील ऊन :

क्वार्टझसाइटचे अक्षांश सुमारे ३३.७ उत्तर. डिसेंबरच्या अयनदिनी तेथे मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून केवळ ३३ अंश वर असतो. ३३ अंशांची ज्या ०.५४ येते, म्हणजे छतावर सपाट पडलेल्या पॅनेलला भर दुपारीदेखील थेट किरणांचा सुमारे निम्माच लाभ होतो. त्याच दिवशी पुण्यात सूर्य ४८ अंशांवर असतो व हे गुणोत्तर ०.७४ भरते. अंगावर ऊन चटके देत असताना पॅनेलची वीज कमी का, या तक्रारीचे उत्तर बहुतांशी या कोनात आहे.

तेथे डिसेंबरात सपाट पॅनेलला दिवसाकाठी पूर्ण तीव्रतेचे सुमारे तीन तास मिळतात असे धरू व तारा, उष्णता, धूळ यांपोटी पाव हिस्सा वजा करू. २०० वॅटच्या पॅनेलपासून ४५० वॅट-तास मिळतील. आपली गरज १७५० ची आहे. ती भागवण्यास सुमारे ७८० वॅटची पॅनेले लागतील. तीच दक्षिणेकडे योग्य कोनात कलती केली तर पाच तास धरता येतात आणि ४७० वॅट पुरतात. सावलीबाबत मात्र तडजोड नाही. पॅनेलमधील घट एकसर जोडलेले असल्याने छतावरील एअर कंडिशनरच्या उंचवट्याची लहानशी सावलीदेखील उत्पादन मोठ्या प्रमाणात पाडते.

कलती करण्यासाठी रोज शिडीवरून छतावर चढावे लागते. सत्तरीतील माणसाने हे करावे असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. त्यापेक्षा काही पॅनेले छतावर सपाट ठेवून एक-दोन सुटी पॅनेले जमिनीवर मांडणे, हा सुज्ञ मार्ग होय. गाडी सावलीत व पॅनेले उन्हात, हा त्याचा आणखी एक फायदा.

तारा आणि क्रम :

बारा व्होल्टवर १२०० वॅट घ्यायचे तर १०० अँपिअर प्रवाह लागतो. तारेचा रोध जाऊन-येऊन केवळ ०.००५ ओहम असला तरी अर्धा व्होल्ट तारेतच गळतो आणि ५० वॅट उष्णता तयार होते. म्हणून इन्व्हर्टर बॅटरीजवळ असावा, तार जाड व आखूड असावी आणि फ्यूज बॅटरीच्या धन टोकालगत असावा. फ्यूज तारेच्या रक्षणासाठी असतो, उपकरणाच्या नव्हे. हे विसरल्याने आगी लागतात.

एवढा सगळा खर्च एकदम झेपत नसेल तर आरंभ शंट-मापकापासून करावा, कारण वर धरलेले आकडे प्रत्येक गाडीत वेगळे निघतात. त्यानंतर सीपॅप यंत्र इन्व्हर्टरवरून काढून उत्पादकाने दिलेल्या डीसी जोडणीवर घ्यावे व रात्री इन्व्हर्टर पूर्ण बंद ठेवावा. या एका बदलाने सुप्त खर्चातील १०० वॅट-तास वाचले तरी १३५५ ची रात्र १२५५ वर येते आणि जुनी बॅटरी चांगल्या स्थितीत असेल तर तेवढ्यावरही सकाळ गाठते. ढगाळ दिवस लागोपाठ आले तर मात्र नाही. तेव्हा दुपारी तासभर जनरेटर लावावाच लागतो.