बहुगाभी प्रक्रियक : एपिक ७७४२ व झिऑन प्लॅटिनम ८२८०

बहुगाभी प्रक्रियक : सूचनांचे स्वतंत्रपणे निष्पादन करणारे दोन किंवा अधिक गाभे एकाच आवेष्टनात सामावलेला संगणकाचा मध्यवर्ती प्रक्रियक. व्यवहारात त्यास मल्टिकोअर प्रोसेसर असे म्हणतात. प्रत्येक गाभ्यास स्वतःची अंकगणितीय एकके, नोंदक व लहान कॅश स्मृती असते. मुख्य स्मृतीकडे जाणारे मार्ग मात्र सर्व गाभ्यांना सामाईक असतात. या प्रक्रियकांचे गुणदोष बव्हंशी या एकाच गोष्टीतून उद्‌भवतात.

प्रक्रियकाचा वेग वाढविण्यासाठी त्याच्या घड्याळाची कंप्रता वाढविणे हा मार्ग सु. २००४ पर्यंत रूढ होता. कंप्रतेबरोबर विद्युत् शक्तीचा व्यय व उष्णता अतोनात वाढू लागल्याने तो खुंटला आणि एका प्रक्रियकात अनेक गाभे घालण्याकडे उत्पादक वळले. आयबीएमचा पॉवर ४ हा दोन गाभ्यांचा प्रक्रियक २००१ मध्येच आला होता. इंटेल व ॲडव्हान्स्ड मायक्रो डिव्हायसेस (एएमडी) यांनी २००५ मध्ये असे प्रक्रियक विक्रीस आणले. सर्व्हर व वर्कस्टेशन यांसाठीच्या प्रक्रियकांत गाभ्यांची संख्या पुढे झपाट्याने वाढली व ग्राहक त्या संख्येवरूनच प्रक्रियकाची योग्यता ठरवू लागले. हा निकष कितपत विश्वसनीय आहे, हे २०१९ मध्ये चार महिन्यांच्या अंतराने आलेल्या दोन प्रक्रियकांच्या तुलनेवरून चांगले स्पष्ट होते. इंटेलचा झिऑन प्लॅटिनम ८२८० एप्रिलमध्ये, तर एएमडीचा एपिक ७७४२ ऑगस्टमध्ये जाहीर झाला.

रचना : झिऑन ८२८० चे सर्व २८ गाभे सिलिकॉनच्या एकाच अखंड चिपेवर असून ती १४ नॅनोमीटर प्रक्रियेने बनविलेली व सु. ७०० चौ. मिमी. क्षेत्रफळाची आहे. गाभे जाळीसारख्या आडव्या-उभ्या मार्गांनी जोडलेले आहेत. चिप जितकी मोठी तितकी तिच्यात दोष सापडण्याची शक्यता अधिक. त्यामुळे एका चकतीतून निघणाऱ्या निर्दोष चिपांचे प्रमाण घटते व उत्पादनखर्च वाढतो.

एपिक ७७४२ मध्ये ही अडचण चिपेची विभागणी करून टाळली आहे. त्यात प्रत्येकी आठ गाभ्यांच्या आठ लहान चिपा असून त्या तैवान सेमिकंडक्टर मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने ७ नॅनोमीटर प्रक्रियेने बनविल्या आहेत. प्रत्येकीचे क्षेत्रफळ सु. ७४ चौ. मिमी. आहे. स्मृतीशी व बाह्य उपकरणांशी संपर्क ठेवणारी नववी चिप जुन्या १४ नॅनोमीटर प्रक्रियेची आहे. अशा रीतीने ६४ गाभे तुलनेने कमी खर्चात एकत्र आणता आले. मात्र एका गटातील गाभ्यास दुसऱ्या गटातील माहिती हवी असल्यास ती मधल्या चिपेतून आणावी लागते व विलंब वाढतो. शिवाय तिसऱ्या पातळीची कॅश स्मृती चार-चार गाभ्यांच्या गटांत १६ मेगाबाइटप्रमाणे वाटलेली असल्याने एकूण २५६ मेगाबाइट कॅश कोणत्याही एका गाभ्यास सलग वापरता येत नाही.

दोन्ही प्रक्रियकांची प्रमुख वैशिष्ट्ये खालील कोष्टकात दिली आहेत.

| वैशिष्ट्य | एपिक ७७४२ | झिऑन प्लॅटिनम ८२८० |
|---|---|---|
| गाभे | ६४ | २८ |
| मूळ कंप्रता (गिगॅहर्ट्‌झ) | २.२५ | २.७ |
| कमाल कंप्रता (गिगॅहर्ट्‌झ) | ३.४ | ४.० |
| तिसऱ्या पातळीची कॅश (मेगाबाइट) | २५६ | ३८.५ |
| मुख्य स्मृतीचे मार्ग | ८ | ६ |
| स्मृतीची वहनक्षमता (गिगॅबाइट प्रतिसेकंद) | २०४.८ | १४०.८ |
| पीसीआय एक्सप्रेस मार्गिका | १२८ (चौथी पिढी) | ४८ (तिसरी पिढी) |
| अभिकल्पित उष्णताव्यय (वॉट) | २२५ | २०५ |
| प्रारंभिक किंमत (डॉलर) | ६,९५० | १०,००९ |

प्रतिगाभा हिशेब केल्यास एपिकमध्ये एका गाभ्यामागे सु. ३.५ वॉट व १०९ डॉलर, तर झिऑनमध्ये सु. ७.३ वॉट व ३५७ डॉलर पडतात. येथे एपिकची बाजू निःसंशय वरचढ आहे. इंटेलने फेब्रुवारी २०२० मध्ये २८ गाभ्यांचा व त्याच कंप्रतेचा झिऑन गोल्ड ६२५८आर ३,९५० डॉलरला विक्रीस आणला, यावरून स्पर्धेचा परिणाम लक्षात येतो. मात्र हा प्रक्रियक जास्तीत जास्त दोन प्रक्रियकांच्या यंत्रांपुरता होता. ८२८० चे आठपर्यंत प्रक्रियक एका यंत्रात जोडता येतात, तर एपिक ७७४२ चे दोनच.

कामाचे स्वरूप : गाभ्यांची संख्या वाढविल्याने वेग त्या प्रमाणात वाढतोच असे नाही. जीन ॲम्डाल यांनी १९६७ मध्ये दाखविल्याप्रमाणे, कामाचा जो भाग क्रमानेच करावा लागतो तो एकूण लाभास मर्यादा घालतो. कामाचा ५ टक्के भाग अनुक्रमी असल्यास एका गाभ्याच्या तुलनेत ६४ गाभ्यांनी वेग सु. १५.४ पट, तर २८ गाभ्यांनी सु. ११.९ पट होतो. म्हणजे गाभे दुपटीहून अधिक असूनही लाभ तीस टक्क्यांच्याच आसपास जास्त आहे. मूळ कंप्रतेतील फरक जमेस धरला व एका आवर्तनात दोन्ही गाभे सारखेच काम करतात असे मानले, तर एपिकची आघाडी सु. ८ टक्क्यांवर येते. अनुक्रमी भाग १ टक्का असल्यास ती सु. ४८ टक्के होते. तो १० टक्के असल्यास झिऑनच किंचित पुढे जातो. प्रत्यक्षात अनुक्रमी भाग करताना एकटा गाभा कमाल कंप्रतेने चालतो व त्यामुळे झिऑनचा लाभ उलट काहीसा घटतो. परस्परांशी संबंध नसलेल्या असंख्य विनंत्या हाताळणारे जालसेवेचे सर्व्हर, आभासी यंत्रे व चलत्चित्रपटातील प्रतिमांचे संगणन या कामांत अनुक्रमी भाग अत्यल्प असल्याने एपिक सरस ठरतो.

स्मृतीचा पुरवठा : गाभ्यास आधारसामग्री वेळेवर न मिळाल्यास तो रिकामा बसतो. एपिकची एकूण वहनक्षमता अधिक असली, तरी ती ६४ गाभ्यांत वाटली जाऊन प्रत्येकाच्या वाट्यास ३.२ गिगॅबाइट प्रतिसेकंद येते. झिऑनमध्ये हा वाटा ५ गिगॅबाइट आहे. द्रवगतिकी, हवामानाची प्रतिकृती यांसारख्या गणितांत प्रत्येक संख्या स्मृतीतून आणून तिच्यावर थोडीच क्रिया करावयाची असते. अशा कामात मर्यादा वहनक्षमतेची असते. म्हणून एपिकला मिळणारा लाभ ६४ व २८ यांच्या गुणोत्तराइतका नसून सु. १.४५ पटीच्या आसपास राहतो. आधारसामग्री कॅशमध्ये मावत असल्यास मात्र एपिकच्या मोठ्या कॅशचा उपयोग होतो.

याउलट झिऑनचे बळ त्याच्या ५१२ बिटांच्या सदिश एककांत आहे. दुहेरी अचूकतेच्या संख्यांवर त्याचा एक गाभा एका आवर्तनात ३२ क्रिया करू शकतो. एपिकचा गाभा १६. त्यामुळे मूळ कंप्रतेस दोघांची सैद्धांतिक कमाल क्षमता सेकंदास सु. २.४ व २.३ महापद्म (१ महापद्म = १०^१२) क्रिया, म्हणजे जवळजवळ सारखीच येते. तथापि ही एकके पूर्ण वापरात असताना उष्णतेमुळे झिऑनची कंप्रता कमी करावी लागते आणि त्यांसाठी खास न लिहिलेल्या आज्ञावलीस त्यांचा फारसा लाभ मिळत नाही.

परवाने : अनेक व्यापारी आज्ञावलींचा परवाना गाभ्यांच्या संख्येवर आकारला जातो. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरची आकारणी अशी आहे. व्हीएमवेअरने २०२० मध्ये ३२ गाभ्यांपर्यंत एक परवाना हा नियम केल्यावर ६४ गाभ्यांच्या प्रक्रियकास दोन परवाने लागू लागले. अशा ठिकाणी यंत्रावर वाचविलेले पैसे परवान्यावर खर्च होऊ शकतात आणि थोडे पण वेगवान गाभे स्वस्त पडतात. सार्वजनिक निधीतून खरेदी करणाऱ्या संस्थांनी हा खर्च किमतीच्या शेजारीच मांडणे आवश्यक असते.

वर्कस्टेशन : एपिकच्याच रचनेचा थ्रेडरिपर ३९९०एक्स हा ६४ गाभ्यांचा प्रक्रियक फेब्रुवारी २०२० मध्ये वर्कस्टेशनसाठी आला. त्याची मूळ कंप्रता २.९ गिगॅहर्ट्‌झ आहे. परंतु स्मृतीमार्ग चारच असल्याने प्रतिगाभा वहनक्षमता १.६ गिगॅबाइट प्रतिसेकंद, म्हणजे एपिकच्या निम्मी आहे. त्रिमितीय चित्रणास तो उत्तम, तर स्मृतीवर अवलंबून असलेल्या गणितास कमी उपयुक्त ठरतो.

उपयोग : झिऑन ८२८० चा उपयोग टेक्सस विद्यापीठातील फ्राँटेरा (२०१९) या महासंगणकात झाला, त्यात ८,००८ नोडांमध्ये मिळून ४,४८,४४८ गाभे होते. एपिक ७७४२ जर्मनीतील श्टुटगार्ट येथील हॉक (२०२०) या महासंगणकात वापरण्यात आला. पुण्यात दोन्ही घराण्यांचे प्रक्रियक आले. भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील परम ब्रह्म (२०१९) मध्ये ८२८० चा २४ गाभ्यांचा भाऊबंद ८२६८ आहे, तर सी-डॅकच्या परम सिद्धी-एआय (२०२०) मध्ये एपिक ७७४२ आहे. परम सिद्धीतील मुख्य गणन चित्र-प्रक्रियक करतात. मध्यवर्ती प्रक्रियकाचे काम त्यांना आधारसामग्री पुरविण्याचे असते. तेथे गाभ्यांच्या संख्येइतकेच महत्त्व चौथ्या पिढीच्या १२८ मार्गिकांना आहे.

पुढील काळात चिपेची विभागणी सर्वमान्य झाली. इंटेलने २०२३ च्या आरंभी चार तुकड्यांपासून बनविलेले झिऑन प्रक्रियक आणले व २०२४ मध्ये १२८ गाभ्यांचा झिऑन ६९८०पी जाहीर केला. त्याच वर्षी एएमडीचा एपिक १९२ गाभ्यांपर्यंत पोहोचला. स्मृतीचे मार्गही दोन्हींकडे बारापर्यंत वाढविण्यात आले. गाभे वाढविताना त्यांचा पुरवठाही वाढवावा लागतो, हे त्यातून दिसते. प्रक्रियकाची निवड करताना म्हणून गाभे मोजण्यापूर्वी काम किती विभागता येते, त्यास स्मृतीतून किती आधारसामग्री लागते व परवान्याची आकारणी कशी आहे, हे तीन प्रश्न विचारणे आणि शक्य तेथे स्वतःचीच आज्ञावली दोन्ही यंत्रांवर चालवून पाहणे हितावह ठरते. [⟶ संगणक].