द्यूतातील 'टिल्ट' आणि चुकांपासून शिकण्याची प्रक्रिया : नलोपाख्यानाच्या आधारे एक विवेचन

प्रस्तावना

पांढरकवडा परिसरातील अर्थजीवन कापसाभोवती फिरते, आणि महाराष्ट्रातील आधुनिक जुगाराचे एक मूळही कापसातच सापडते, ही बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात उघडणारे व बंद होणारे भाव तारेने मुंबईस येत आणि त्या भावांच्या आकड्यांवर लोक पैसे लावीत. १९६० च्या दशकाच्या आरंभी हा मार्ग बंद झाला, तेव्हा चिठ्ठ्या मडक्यात टाकून आकडा काढण्याची पद्धत आली व 'मटका' हे नाव रूढ झाले. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी सुरू केलेला वरळी मटका आणि नंतर रतन खत्री यांनी चालविलेला मटका यांची ओळख खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचली. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द त्या कापूसभावांचेच अवशेष होत.

पुढे पट्टीवाल्याची जागा भ्रमणध्वनीने घेतली. रमी, पोकर यांसारखे खेळ पैसे लावून घरबसल्या खेळता येऊ लागले. हे कौशल्याचे खेळ की नशिबाचे, हा वाद न्यायालयांत दीर्घकाळ चालला. कारण १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याने निव्वळ कौशल्याच्या खेळास वगळले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने हा भेद बाजूला सारून पैशांवरील सर्व ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. कायद्याचा रोख खेळ पुरविणारे, त्याची जाहिरात करणारे आणि पैशांचे व्यवहार हाताळणारे यांच्यावर आहे. खेळणारा त्यात गुन्हेगार मानलेला नाही. तो कायद्याने सुटला तरी स्वतःच्या मनाच्या तावडीतून सुटतोच असे नाही. हरलेला मनुष्य अधिक हरण्याकडे का ओढला जातो आणि स्वतःच्या चुकांपासून त्यास शिकता का येत नाही, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

'टिल्ट' ही संकल्पना

पोकर खेळणाऱ्यांच्या परिभाषेत हानीमुळे किंवा अन्याय झाल्याच्या भावनेमुळे निर्णयशक्तीचा तोल जाणे यास 'टिल्ट' म्हणतात. हा शब्द पिनबॉल यंत्रावरून आला. खेळणाऱ्याने यंत्र जोराने हलविले की 'टिल्ट'चा दिवा लागे आणि यंत्र बंद पडे. ऑनलाइन पोकरमध्ये मात्र यंत्र बंद पडत नाही. पुढचे पान क्षणार्धात वाटले जाते. मराठीत या अवस्थेस 'इरेला पेटणे' हा नेमका वाक्प्रचार आहे. तो असताना परका शब्द स्वीकारावा लागतो तो केवळ अभ्यासशाखेच्या सोयीसाठी.

डॅनियल कानमन व अॅमॉस ट्व्हर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार समान रकमेच्या लाभापेक्षा हानी मनाला अधिक बोचते. जो मनुष्य झालेल्या हानीशी मनाने समेट करीत नाही, तो एरवी जी जोखीम कधीच पत्करली नसती ती पत्करण्यास तयार होतो, हे त्यांचे निरीक्षण येथे विशेष महत्त्वाचे आहे. गॅरी स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ऑनलाइन पोकरच्या प्रत्यक्ष नोंदी तपासल्या असता, मोठी रक्कम हरल्यानंतर बहुतेक अनुभवी खेळाडूही कमी सावधपणे खेळतात असे आढळले. अनुभव आणि संयम या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे यावरून दिसते.

हानी भरून काढण्याच्या हिशेबात एक फसवेपणाही आहे. दहा हजारांतील निम्मे गेले, तर मूळ पदावर येण्यासाठी उरलेल्या पाच हजारांवर शंभर टक्के कमाई करावी लागते. पाचशे रुपये गेले म्हणून हजार, ते गेले म्हणून दोन हजार, या क्रमाने डाव दुप्पट करीत जाणारा सलग पाच वेळा हरला तर १५,५०० रुपये गमावतो. जिंकण्या-हरण्याची शक्यता सारखी धरली तरी बत्तीस प्रयत्नांत सरासरी एकदा हे घडते. शिवाय खेळ चालविणारा प्रत्येक डावातून आपला वाटा कापून घेतो, म्हणजे शक्यता सारखीही राहत नाही.

नळाचे हरणे

या मनोवस्थेचे अत्यंत बारकाईने केलेले चित्रण विदर्भाशी निगडित असलेल्या एका प्राचीन कथेत आहे. महाभारताच्या वनपर्वात बृहदश्व ऋषी द्यूतात सर्वस्व गमावलेल्या युधिष्ठिरास नळ-दमयंतीची कथा सांगतात. दमयंती ही विदर्भराज भीमाची कन्या. तिचे कुंडिनपूर म्हणजे अमरावती जिल्ह्यातील वर्धा नदीकाठचे कौंडिण्यपूर, असे परंपरा मानते.

कली नळाच्या शरीरात शिरतो आणि मग नळ आपल्या भावाशी, पुष्कराशी, द्यूत खेळू लागतो. हा खेळ एका बैठकीचा नाही. तो कित्येक महिने चालतो. नगरजन व मंत्री दाराशी येऊन थांबतात, दमयंती विनवणी करते. नळास काहीच ऐकू येत नाही. अखेर ती वार्ष्णेय सारथ्याबरोबर मुलांना कुंडिनपुरास पाठवून देते. घरातील व्यक्ती अशा वेळी काय करू शकते, याचे हे व्यवहारी उत्तर आहे. समजूत पटत नसेल तर निदान जे वाचविता येईल ते डावाच्या कक्षेबाहेर न्यावे.

पुष्कर जेव्हा दमयंतीला पणाला लावण्यास सुचवितो, तेव्हा नळ थांबतो व एका वस्त्रानिशी राज्य सोडतो. युधिष्ठिर तेथे थांबला नव्हता. कथा सांगणाऱ्याने श्रोत्याला हा फरक उघडपणे दाखविलेला नाही. परंतु ऐकणाऱ्यास तो जाणवला नसेल असे मानणे कठीण आहे.

मात्र थांबल्यानेही इरेस पडलेले मन लगेच शांत होत नाही. वनात उपाशी नळाला सोनेरी पक्षी दिसतात. ते पकडण्यासाठी तो अंगावरचे एकमेव वस्त्र त्यांच्यावर टाकतो आणि पक्षी ते घेऊन उडून जातात. ते पक्षी म्हणजे द्यूताचे फासेच असल्याचे ते स्वतःच सांगतात. हानीचा पाठलाग करताना उरलेलेही जाते, हे याहून स्पष्टपणे सांगता येणार नाही.

अक्षहृदय

पुढे बाहुक नावाने नळ अयोध्येच्या ऋतुपर्णाचा सारथी होतो. विदर्भाकडे जाताना वाटेत एक विभीतक वृक्ष, म्हणजेच बेहडा, लागतो. त्याचीच फळे प्राचीन काळी फासे म्हणून वापरीत. ऋतुपर्ण केवळ पाहून त्याच्या पानांची व फळांची संख्या सांगतो; दोन फांद्यांवरील फळे दोन हजार पंच्याण्णव. नळ ती मान्य करीत नाही. राजाला उशीर होत असतानाही तो रथ थांबवून झाड पाडतो आणि फळे मोजतो. संख्या बरोबर निघते. मग अश्वविद्येच्या मोबदल्यात ऋतुपर्ण त्याला 'अक्षहृदय' देतो आणि त्याच क्षणी कली नळाच्या देहातून बाहेर पडतो. संभाव्यताशास्त्राचे इतिहासकार इयन हॅकिंग यांनी १९७५ च्या आपल्या ग्रंथात या प्रसंगाची दखल घेतली आहे, कारण फासे आणि अंदाजाने गणना यांचा संबंध येथे स्पष्टपणे जोडलेला दिसतो.

शिक्षणाच्या दृष्टीने यातील क्रम अर्थपूर्ण आहे. नळ केवळ पश्चात्तापाने सुधारत नाही. त्यास हिशेब कळतो, तो हिशेब तो स्वतः पडताळून पाहतो, आणि नंतर कली जातो. पुन्हा पुष्कराशी खेळताना तो एकाच डावात जिंकतो. जिंकल्यावर पुष्कराचा सूड घेत नाही, कारण पूर्वीचा पराभव पुष्कराने नव्हे, कलीने केला होता, असे तो म्हणतो. स्वतःच्या चुकीचे निदान करताना समोरच्याला दोष न देणे ही साधी गोष्ट नव्हे.

चूक आणि दुर्दैव यांतील भेद

पोकरमध्ये चुकांपासून शिकणे अवघड असते, कारण तेथे फळ निर्णयाच्या गुणवत्तेशी जुळेलच असे नाही. दोन एक्के हाती असताना दोन राजांविरुद्ध सर्व रक्कम लावणारा योग्यच निर्णय घेतो. तरी सुमारे पाचांत एकदा तो हरतो. त्या एका वेळी तो 'चुकलो' असे मानून पुढे भित्रेपणाने खेळला, तर तो चुकीचाच धडा शिकतो. उलट निकृष्ट पानांवर जिंकलेला स्वतःस कुशल समजू लागतो. (एका परीक्षेच्या निकालावरून विद्यार्थ्याची, आणि त्यावरून शिक्षकाची, पारख करणाऱ्या महाविद्यालयीन व्यवस्थेने या बाबतीत पोकरपटूस हसावे असे नाही.)

हाच भेद कोरडवाहू कापसाच्या शेतीस लावून पाहता येतो. मात्र शेतकऱ्यास जुगारी म्हणण्याची चूक टाळली पाहिजे. जुगारी डावापासून दूर राहू शकतो, शेतकऱ्याला पेरणीपासून दूर राहता येत नाही. केळापूर तालुक्यातील शेतकऱ्याने पुरेसा पाऊस झाल्यावर पेरले आणि नंतर खंड पडून पेरणी मोडली, तर ते दुर्दैव. बियाण्याचा खर्च व उरलेला हंगाम यांचा हिशेब करून केलेली दुबार पेरणी हा विचारपूर्वक निर्णय असू शकतो. पहिल्याच सरीवर घाईने पेरणे ही चूक. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये, हा कृषी विभागाचा सल्ला नेमक्या याच घाईवर घातलेला बांध आहे. आणि 'मागचे सगळे यंदाच काढायचे' म्हणून सावकाराचे कर्ज काढून आणखी जमीन मक्त्याने घेणे, हे इरेला पेटणे होय. तिन्ही शेतकऱ्यांच्या शेतात डिसेंबरमध्ये सारखेच पीक दिसू शकते. म्हणूनच केवळ उताऱ्याची नोंद उपयोगाची नसते. पेरणीच्या दिवशी किती पाऊस झाला होता, किती पैसे हाती होते आणि काय विचार करून बी टाकले, हे त्याच दिवशी लिहिलेले असावे लागते. पीक हाती आल्यानंतर स्मरणशक्ती निकालाच्या बाजूने साक्ष देऊ लागते.