लालो, कोम्ये?

मुलांनो, मॉरिशसमध्ये राहायला गेलो तेव्हा माझी आठ वर्षांची लेक शाळेत महिनाभर तोंड उघडेना. मुलं खेळताना क्रिओल बोलायची आणि हिला ओ की ठो कळेना! मी शिक्षिका, पण माझंही काही चालेना.

सुट्टीतल्या एका सोमवारी तिला माहेबूरच्या आठवडी बाजारात नेलं. नाव ऐकून माहेर आठवतं ना? पण ते पडलंय माहे द ला बुर्दोने या फ्रेंच गव्हर्नरवरून! समुद्राजवळच बाजार. कपडे, फळं, भाज्यांचे ढीग, आणि पैसेसुद्धा रुपयेच.

मी विचारलं, "भेंडी?" भाजीवाल्या आजी हसल्या. एक भेंडी उचलून म्हणाल्या, "लालो." कारलं म्हणजे "मार्गोझ". कोथिंबीर मात्र "कोतोमिली"! हा शब्द तमिळ माणसांनी बरोबर नेलेला. १८३४ पासून भारतातून मजूर तिथे उसाच्या मळ्यांवर गेले, त्यांत आपले कोकणातलेही होते बरं का.

लेक माझ्या पाठीमागेच लपलेली. पण पुढच्या भाजीवाल्याकडे तीच पुढे झाली. "लालो, कोम्ये?" म्हणजे, भेंडी केवढ्याला? त्याने सांगितलेला भाव आम्हा दोघींनाही कळला नाही! मग त्याने बोटांवर मोजून दाखवला, तशी ती खुदकन हसली.

शाळा उघडली त्या दिवशी डब्यात तिने भेंडीचीच भाजी मागितली.