फुएनलाब्रादाचा पार्टिझान

माद्रिदच्या दक्षिणेला वीसेक किलोमीटरवर फुएनलाब्रादा आहे. एकेकाळचं खेडं. १९७० नंतर राजधानीत पोटापाण्यासाठी आलेल्या कामगार कुटुंबांमुळे ते भराभर वाढलं आणि १९९१ पर्यंत लोकवस्ती लाखाच्या बरीच पुढे गेली. तरुण वस्ती, नवंकोरं क्रीडागृह आणि त्यात खेळायला पहिल्या श्रेणीचा एकही बास्केटबॉल संघ नाही, अशी अवस्था. क्रीडागृहाला नाव दिलं होतं फेर्नांदो मार्तिनचं. एनबीएत खेळलेला तो पहिला स्पॅनिश खेळाडू, रेआल माद्रिदचा लाडका. डिसेंबर १९८९ मध्ये मोटार अपघातात गेला. या क्रीडागृहाला १९९१ च्या हिवाळ्यात घरचा संघ मिळाला तो थेट बेलग्रेडहून.

क्लब बास्केटबॉलमधली युरोपची सर्वात मोठी स्पर्धा १९५८ पासून चालू आहे. त्या इतक्या वर्षांतला एकच हंगाम निवडायचा, तर मी १९९१-९२ चा निवडेन. बास्केटबॉलच्या शौकिनांना त्या हंगामातलं काय आठवतं ते सगळ्यांना ठाऊक आहे: इस्तंबूलमध्ये अखेरच्या क्षणी बेलग्रेडच्या पार्टिझान क्लबच्या साशा जोर्जेविचनं मारलेला तीन गुणांचा फटका. तो फटका होताच तसा. पण त्यानं बाकीचा हंगाम झाकून टाकला, आणि खरी नवलाई त्या झाकलेल्या भागात आहे.

जून १९९१ मध्ये रोमला युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा चालू होती. २५ जूनला स्लोव्हेनिया आणि क्रोएशियानं स्वातंत्र्य जाहीर केलं. युगोस्लाव्हियाच्या संघातला स्लोव्हेन खेळाडू यूरे झ्दोवत्स याला उपांत्य सामन्याआधी संघ सोडावा लागला. उरलेल्यांनी सुवर्णपदक जिंकलं, पण ज्या देशासाठी ते जिंकलं तो देश तोवर फुटायला लागला होता. नोव्हेंबरमध्ये क्रोएशियातलं वुकोवार शहर पडलं. अशा वेळी युगोस्लाव्हियात परदेशी संघ पाठवायला कोण धजावणार? आंतरराष्ट्रीय महासंघानं, म्हणजे फिबानं, निर्णय दिला: तिथल्या तिन्ही क्लबांनी आपले ‘घरचे’ सामने देशाबाहेर खेळावेत. त्या वेळी फिबाचे सरचिटणीस होते बोरिस्लाव स्टँकोविच, म्हणजे बेलग्रेडच्याच बास्केटबॉलमधून वर आलेले गृहस्थ. युगोस्लाव्ह बास्केटबॉल ज्या चार-पाच माणसांनी उभं केलं त्यांतले ते एक. त्यांच्याच कारकिर्दीत हा हुकूम निघावा, ही त्या वर्षाची एक क्रूर गंमत.

तिन्ही क्लब स्पेनला गेले. स्प्लिटचा संघ गॅलिशियातल्या आ कोरुन्यात, झाग्रेबची सिबोना पार दक्षिणेला काडिझजवळच्या पुएर्तो रेआलमध्ये, आणि पार्टिझान फुएनलाब्रादात. आपल्याला अशी उदाहरणं क्रिकेटमुळे ओळखीची आहेत. २००९ च्या लाहोर हल्ल्यानंतर पाकिस्तानचा संघ वर्षानुवर्षं दुबई-अबुधाबीत ‘घरचे’ सामने खेळला, आणि त्या कसोट्यांच्या रिकाम्या खुर्च्या टीव्हीवर आपणही पाहिल्या. परक्या ठिकाणचं घर बहुधा असंच असतं: नियमानं आपलं, बाकी ओसाड.

फुएनलाब्रादात तसं झालं नाही. लोक सामन्यांना आले, पुन्हा आले, आणि हळूहळू त्यांनी हा संघ आपला मानला. स्पॅनिश वृत्तपत्रांत ‘फुएनलाब्रादाचा पार्टिझान’ हे नाव रूढ झालं. पार्टिझानच्या गटात दोन स्पॅनिश संघ होते, माद्रिदचा एस्तुदियांतेस आणि बार्सिलोनाला खेटून असलेल्या बदालोनाचा जुवेंतुत. म्हणजे एस्तुदियांतेसचे खेळाडू आपल्या घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर ‘पाहुणे’ म्हणून खेळायला येत, आणि यजमान म्हणून समोर उभी राहत ती बेलग्रेडची पोरं! ही थट्टा त्या गावानं मोठ्या मजेत मनावर घेतली.

पोरं म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. कर्णधाराच्या तोडीचा जोर्जेविच चोविशीचा, दुसरा आधारस्तंभ प्रेद्राग दानिलोविच एकविशीचा, उंच सेंटर झेल्को रेब्राचा तर एकोणीस वर्षांचा. व्लादे दिवाच आणि झार्को पास्पाल्य १९८९ मध्येच एनबीएत गेले होते. उरले ते हे. प्रशिक्षक कोण? झेल्को ओब्रादोविच, वय एकतीस. याच संघाचा तो पॉइंट गार्ड. १९९१ च्या उन्हाळ्यात तो रोमच्या स्पर्धेसाठी राष्ट्रीय संघाबरोबर सराव करत होता. क्लबचा कारभार पाहणारे द्रागान किचानोविच यांनी त्याला विचारलं, प्रशिक्षक होतोस का? त्यानं खेळाडूचे कपडे उतरवले आणि शिबिरातून निघून आला. विश्वविजेतेपदाचं पदक एका वर्षापूर्वीच मिळालेला माणूस, अजून चार-पाच वर्षं सहज खेळला असता. आदल्या मोसमात ज्यांच्या शेजारी कपडे बदलायचा त्यांनाच आता ओरडायचं होतं.

एवढा कोवळा प्रशिक्षक नेमताना किचानोविचनी एक शहाणपण केलं. सल्लागार म्हणून अलेक्झांडर निकोलिच यांना जोडीला दिलं. ‘प्रोफेसर’ म्हणून ओळखले जाणारे हे गृहस्थ. इटलीतल्या वारेझे क्लबला त्यांनी १९७०, १९७२ आणि १९७३ अशी तीनदा हीच स्पर्धा जिंकून दिली होती, आणि १९७८ मध्ये मनिलात युगोस्लाव्हियाला विश्वविजेतेपद. ओब्रादोविच पुढे आयुष्यभर त्यांचं नाव गुरू म्हणून घेत राहिला.

माझं मत असं, की ही शिक्षा पार्टिझानच्या पथ्यावर पडली. एरवी तरुण संघाला घरी नातेवाईक असतात, मित्र असतात, वर्तमानपत्रं असतात. इथं दर पंधरा-वीस दिवसांनी विमान पकडायचं, अनोळखी गावात एकत्र राहायचं, एकत्र जेवायचं, आणि मागं सोडलेल्या देशाच्या बातम्या टीव्हीवर एकत्र बघायच्या. लांबलेल्या सराव शिबिरासारखंच ते. पण हे तत्त्व म्हणून सांगायला मी तयार नाही. तेच हद्दपारीचं वर्ष स्प्लिटच्या वाट्यालाही आलं होतं. १९८९, १९९०, १९९१ अशी सलग तीन वर्षं युरोपचा विजेता असलेला तो क्लब गटातच गारद झाला. त्याचा राजा टोनी कुकोच त्या उन्हाळ्यात इटलीला गेला होता, दिनो राद्या त्याच्या आधीच. परदेशी गाव सगळ्यांनाच मिळालं, पण जोर्जेविच आणि दानिलोविच एकाकडेच होते.

स्पर्धेचं रूपही त्या वर्षी बदललं. आधी ती युरोपीय चॅम्पियन्स कप म्हणून ओळखली जायची आणि ढोबळ मानानं देशोदेशीच्या विजेत्यांची असायची. १९९१ पासून ‘युरोपियन लीग’ झाली, आणि बलाढ्य देशांचे तीन-तीन क्लब आत आले. सोळा संघ, आठ-आठचे दोन गट, प्रत्येकाचे चौदा सामने, पहिल्या चौघांना उपांत्यपूर्व फेरी, मग अंतिम चार संघांचा एकाच शहरात निकाल. पार्टिझान आपल्या गटात चौथा आला, म्हणजे जेमतेम. समोर उभा ठाकला दुसऱ्या गटाचा अव्वल संघ, बोलोन्याचा क्नॉर.

तीन सामन्यांच्या या मालिकेतला पहिला सामना चौथ्या क्रमांकवाल्याच्या घरी, आणि तो बेलग्रेडमध्ये खेळायला फिबानं परवानगी दिली. संपूर्ण हंगामात बेलग्रेडच्या प्रेक्षकांना आपला संघ युरोपात खेळताना दिसला तो या एकाच संध्याकाळी. पार्टिझाननं तो सामना घेतला, पुढचा बोलोन्यात गमावला, आणि तिसरा बोलोन्यातच, त्यांच्या प्रेक्षकांसमोर जिंकला.

अंतिम चौघं इस्तंबूलला जमले ते एप्रिलच्या मध्याला. मैदान आब्दी इपेकची क्रीडागृह. १९७९ मध्ये गोळ्या घालून मारल्या गेलेल्या तुर्की संपादकाचं नाव त्याला दिलेलं होतं. या अंतिम फेरीच्या जेमतेम दहा दिवस आधी बोस्नियातल्या सारायेव्होला वेढा पडला होता. दानिलोविचचा जन्म सारायेव्होचा. निकोलिचही जन्मानं सारायेव्होचेच. संघातला इवो नाकिच क्रोएशियातल्या रियेकाचा. युद्ध पेटल्यावरही तो बेलग्रेडच्या क्लबात राहिला. या संघाची गोष्ट वीररसात सांगण्याचा मोह सर्बियात अनेकांना होतो, पण मला ती तशी सांगवत नाही. ज्या फौजा डोंगरांवरून सारायेव्होवर तोफा डागत होत्या त्या सर्बांच्याच होत्या. खेळाडूंचा त्यात दोष नव्हता. तरी त्या आठवड्याच्या बातम्या शेजारी ठेवल्याशिवाय करंडकाचं छायाचित्र पाहता येत नाही.

उपांत्य सामन्यात मिलानचा फिलिप्स. त्यांचा प्रशिक्षक माइक डँटोनी, संघात एनबीएत काचेचे बोर्ड फोडून गाजलेला डॅरिल डॉकिन्स. पार्टिझान ८२, मिलान ७५. दुसऱ्या बाजूला जुवेंतुतनं एस्तुदियांतेसला ९१-६९ असं लोळवलं.

१६ एप्रिलची अंतिम लढत मात्र घासून झाली. जुवेंतुतचा प्रशिक्षक लोलो साइन्झ, रेआल माद्रिदला दोनदा ही स्पर्धा जिंकून दिलेला मुरलेला माणूस. संघात विल्याकाम्पा, दोघे जोफ्रेसा भाऊ, अमेरिकन कॉर्नी थॉम्पसन आणि हॅरल्ड प्रेसली. वयानं, अनुभवानं, पैशानं, कशानंही पाहिलं तरी पारडं त्यांचं जड. त्या काळी वीस-वीस मिनिटांचे दोन डाव आणि चेंडू तीस सेकंद हाती ठेवायची मुभा. त्यामुळे गुण आजच्यापेक्षा कमी आणि एकेक बास्केट महाग.

शेवटचे दहाएक सेकंद उरले असताना तोमास जोफ्रेसानं बास्केट केली. जुवेंतुत ७०, पार्टिझान ६८. अशा वेळी कुठलाही प्रशिक्षक टाइम-आउट घेतो, फळ्यावर रेघोट्या ओढतो. इथं तसं काही झालं नाही. पार्टिझानच्या कोप्रिवित्सानं बास्केटखालून चेंडू आत दिला तो थेट जोर्जेविचला. तो कडेकडेनं धावत सुटला. जोफ्रेसा, नुकतीच बास्केट केलेला तोच, त्याला चिकटून. रेषेबाहेर जोर्जेविच धावता धावताच उठला. पाय स्थिर नाहीत, अंग एका बाजूला कललेलं, तोंडासमोर जोफ्रेसाचा हात. सरावात असा फटका मारला तर प्रशिक्षक बाहेर बसवेल. चेंडू सरळ जाळीतून गेला. ७१-७०. उरलेल्या दोन-तीन सेकंदांत जुवेंतुतला काही करता आलं नाही.

टाइम-आउट न घेण्याबद्दल पुष्कळ बोललं जातं. नव्या प्रशिक्षकाची गोंधळलेली अवस्था, असंही म्हणता येईल. मला ते पटत नाही. समोरचा संघ नुकताच पुढे गेलेला आहे, आनंदाच्या भरात आहे, मागे परतताना विस्कटलेला आहे. त्याला श्वास घ्यायला वेळ देणं म्हणजे त्याचं काम करणं. पॉइंट गार्ड म्हणून ओब्रादोविचला हे रक्तातच ठाऊक असणार. शिवाय त्या रात्री संघाच्या ७१ गुणांपैकी २५ दानिलोविचचे आणि २३ जोर्जेविचचे होते. चेंडू कुणाकडे द्यायचा हे फळ्यावर लिहून सांगायची गरज कुणालाच नव्हती. अंतिम चौघांतला सर्वोत्तम खेळाडू दानिलोविच ठरला.

करंडक बेलग्रेडला गेला, पण तो राखायची संधी मिळालीच नाही. ३० मे १९९२ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेनं ७५७ क्रमांकाच्या ठरावानं युगोस्लाव्हियावर निर्बंध लादले, आणि त्यात खेळही आला. पुढच्या हंगामात विजेता क्लब स्पर्धेतच नव्हता. फुएनलाब्रादालाही परतायचं कारण उरलं नाही.

त्याच उन्हाळ्यात बार्सिलोना ऑलिंपिकचं बास्केटबॉल झालं ते बदालोनात, जुवेंतुतच्या गावी. जॉर्डन, मॅजिक आणि बर्डच्या अमेरिकन ड्रीम टीमसमोर अंतिम सामन्यात उभी राहिली ती पेत्रोविच, कुकोच, राद्या यांची क्रोएशिया. तीन-चार महिन्यांपूर्वी युरोपचे विजेते ठरलेले जोर्जेविच आणि दानिलोविच यांना तिथं प्रवेश नव्हता. जोर्जेविचला मिलाननं घेतलं, दानिलोविचला बोलोन्यानं, म्हणजे त्या वर्षी त्यांनी ज्यांना हरवलं होतं त्यांनीच.

ओब्रादोविच १९९३ मध्ये बेलग्रेडहून निघाला तो बदालोनाला, जुवेंतुतचा प्रशिक्षक होऊन. विल्याकाम्पा, जोफ्रेसा, फेरान मार्तिनेझ सगळे तिथंच होते. त्यांच्या तोंडचा घास काढणारा माणूस आता त्यांच्याच बाकावर बसू लागला. १९९४ च्या एप्रिलमध्ये तेल अवीवला अंतिम सामना झाला ऑलिंपियाकोसशी. सामना संपायला थोडे क्षण उरले असताना कॉर्नी थॉम्पसननं तीन गुणांचा फटका मारला, जुवेंतुत ५९-५७ नं जिंकला. पुढे माद्रिद, अथेन्स आणि इस्तंबूलच्या क्लबांसह ओब्रादोविचची अशी नऊ विजेतेपदं झाली. पार्टिझान १९९८ आणि २०१० मध्ये पुन्हा अंतिम चौघांत पोहोचला. करंडक मात्र त्यांच्याकडे तो एकच आहे, फुएनलाब्रादातून मिळवलेला.