पहिले घास, पहिली पावले आणि आजीची नजर

सांताक्रूझ पूर्वेला ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना विमानाचा आवाज वेगळा असा जाणवत नाही. बोलता बोलता आपण क्षणभर थांबतो, विमान डोक्यावरून जाते आणि वाक्य तेथूनच पुढे सुरू होते. याच सवयीमुळे माझ्या हातून एकदा चूक घडली.

काही वर्षांपूर्वी एक आजी साडेतीन महिन्यांच्या नातवाला लसीसाठी घेऊन आल्या. आईवडील दोघेही नोकरीला. बाळाचा दिवस आजीजवळच जाई. निघताना त्या म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, इतकी विमाने जातात, पण हा कधी दचकत म्हणून नाही.’’ मी हसून उत्तर दिले, ‘‘आजी, सांताक्रूझचे बाळ आहे, त्याला सवय झाली.’’

नऊ महिन्यांनंतरच्या गोवर-रुबेलाच्या लसीसाठी त्या पुन्हा आल्या. ‘‘कुकरची शिट्टी झाली तरी हा मान वळवत नाही. मागून हाक मारली तर बघत नाही. समोर गेले की मात्र खुदकन हसतो.’’ या वेळी मी हसलो नाही. वांद्रे रेक्लमेशनला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था आहे. सांताक्रूझहून अवघी दोन स्थानके. तेथे तपासणी झाली. दोन्ही कानांनी बाळाला फारच कमी ऐकू येत होते. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचाराला आरंभ, असा श्रवणदोषाबाबतचा जगन्मान्य दंडक आहे. आजींनी वेळेवर सांगितले होते. उशीर माझ्यामुळे झाला.

वाचकहो, आम्ही डॉक्टर बाळाला दहा मिनिटे पाहतो, आपण दहा तास पाहता. म्हणून हा लेख आपल्यासाठी.

टप्पा म्हणजे तारीख नव्हे

शेजारचे बाळ अकराव्या महिन्यात चालू लागले आणि आपले अजून धरून धरून उभे राहते, यात काळजीचे काही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली भारतासह पाच देशांतील निरोगी बाळांच्या निरीक्षणांवरून या टप्प्यांचे कालखंड प्रसिद्ध केले. आधाराशिवाय बसणे साधारण चार ते नऊ महिन्यांच्या दरम्यान, तर स्वतंत्रपणे चालणे आठ ते साडेसतरा महिन्यांच्या दरम्यान केव्हाही येऊ शकते. शंभरातील चारेक बाळे तर हातगुडघ्यांवर रांगलीच नाहीत. ती थेट उभी राहून चालू लागली. मात्र बाळ वेळेआधी जन्मलेले असेल, तर त्याचे वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावे.

कालखंड रुंद असला, तरी त्याला शेवट आहे. पुढील गोष्टी दिसल्यास ‘याचा बापही उशिराच बोलला होता’ असे म्हणून थांबू नये:

• तीन महिने उलटूनही बाळ आपल्याकडे पाहून हसत नाही;
• पाच महिने झाले तरी मान स्थिर नाही;
• नऊ महिने उलटूनही आधाराशिवाय बसत नाही;
• वर्षाचे झाले तरी ‘बाबा-दादा’सारखे बोबडे आवाज काढत नाही;
• दीड वर्षाचे झाले तरी चालत नाही;
• वर्षाच्या आतच सतत एकच हात वापरते;
• येत असलेली गोष्ट, कोणत्याही वयात, करेनासे होते.

उष्टावणाचा मुहूर्त

मुलाचे उष्टावण सम महिन्यात आणि मुलीचे विषम महिन्यात करण्याचा प्रघात अनेक घरांत आहे. समारंभ हवा त्या दिवशी करावा. पण पोटाचा मुहूर्त मुलगा-मुलगी दोघांनाही एकच, म्हणजे सहा महिने पूर्ण होताच. तोपर्यंत केवळ आईचे दूध, पाणीही नको. त्यानंतर उशीरही नको, कारण जन्मतः मिळालेला लोहाचा साठा सुमारे याच सुमारास संपत येतो आणि दुधातून तो भरून निघत नाही.

आपल्या स्वयंपाकघरात सारे काही आहे. मऊ भात, घट्ट मुगाचे वरण आणि वर तूप, नाचणीचे सत्त्व, कुस्करलेले केळे, उकडलेले रताळे, गाजर, चालत असल्यास अंडे आणि काटे काढलेली मासळी. नुसते डाळीचे वरचे पाणी मात्र देऊ नये. बाळाचे पोट लहान. ते पाण्याने भरले तर अन्नाला जागा उरत नाही. चमच्यावरून ओघळणार नाही इतके घट्ट असावे. आरंभी दोन-तीन चमचे, दिवसातून दोन-तीन वेळा; नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा. आईचे दूध दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालू राहू द्यावे. आठव्या-नवव्या महिन्यात मिक्सर बाजूला ठेवून हाताने कुस्करलेले, किंचित रवाळ अन्न द्यावे. बाळ चावायला त्यातूनच शिकते.

दोन-तीन जुन्या गोष्टी मात्र सोडाव्यात. मधाचे बोट वर्षाच्या आत नको. मधातील विशिष्ट जंतूंमुळे बाळाचे स्नायू लुळे पडण्याचा धोका असतो. मीठ-साखर वर्षभर टाळावी. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे श्वासनलिकेत अडकतात. चाकांच्या वॉकरमध्ये बाळाला बसवू नये. त्याने चालणे लवकर येत नाही, अपघात मात्र होतात. कॅनडाने २००४ साली त्यावर बंदीच घातली. आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा: त्याला बाळ स्वतः उभे राहून ढकलते. लक्ष ठेवून तो द्यायला हरकत नाही.

आणि चिऊकाऊचे घास सोडू नयेत. मोबाइल दाखवून भरवलेले बाळ घास गिळते, इतकेच. समोर बसून, नाव घेऊन, बोलत भरवलेले बाळ आपले ओठ पाहते, आवाज टिपते, उत्तर देऊ पाहते. त्या आजींच्या ध्यानात सारे आले, ते भरवतानाच.

आपण काय करावे

गरोदरपणात मिळालेल्या माता व बाल संरक्षण कार्डावर हे टप्पे चित्रांसह छापलेले असतात. ते कार्ड फाइलीत न ठेवता हाताशी ठेवावे. शंका आली तो दिवस आणि काय पाहिले, हे वहीत लिहावे. सुनेला किंवा मुलीला दोष न देता सांगावे. ‘तुझे लक्ष नाही’ या एका वाक्याने पुढचे सगळे संभाषण बंद होते. तपासणीत काही निघाले नाही, तर फार तर एक सकाळ खर्च होते.

त्या बाळाला अकराव्या महिन्यात श्रवणयंत्र बसले. वाचोपचारतज्ज्ञांनी दिलेला अभ्यास आजींनी वर्षभर घरी रोज करून घेतला. आज तो शाळेत जातो आणि, त्यांच्याच शब्दांत, ‘फार बोलतो’.

तेव्हा आपल्याला काही खटकले, तर डॉक्टरांना सांगा. त्यांनी हसून उडवून लावले, तर पुन्हा सांगा.